गोष्टीतून वर्णभेद शिकवताना: पालक आणि शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचवी ते आठवीच्या मुलांबरोबर वर्णभेदावरच्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचू पाहणारे शिक्षक, ग्रंथपाल आणि पालक बहुतेक वेळा तेच ते प्रश्न विचारतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. त्यात माझी मतंही आहेत. ती पटली नाहीत तर खुशाल बाजूला ठेवा.

इतिहासाचं पुस्तक असताना कादंबरी कशाला?

इतिहासाच्या पुस्तकात एक ओळ असते: अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांना वेगळ्या शाळा, रेल्वेचे वेगळे डबे, वेगळे नळ होते. मूल ती पाठ करतं, पेपरात लिहितं आणि त्याला वाटतं, वेगळं म्हणजे नुसतं वेगळं. मुलांची शाळा वेगळी, मुलींची वेगळी, तसंच काहीसं. गंमत म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली प्लेसी खटल्यात जवळपास हेच म्हटलं होतं. सोयी सारख्या असतील तर माणसं वेगळी बसवण्यात काही गैर नाही, असा तो निकाल. तो १९५४ पर्यंत टिकला.

त्या निकालातलं 'सारख्या' किती पोकळ होतं, ते कादंबरीत दिसतं. बस कोणाच्या शाळेला आहे, फाटकं पुस्तक कोणाच्या हातात आलं, दुकानात आधी येऊनही कोण ताटकळलं, हे मूल पात्राच्या शेजारी उभं राहून बघतं. वर्णभेद म्हणजे चार वाईट माणसांचा दुष्टपणा नव्हता. ती रोज सकाळी सुरू होणारी चालती व्यवस्था होती. तिच्यामागे कायदा होता, पैसा होता, दुकानातली उधारी होती, पोलीस होते. पुस्तक मिटल्यावर मुलांच्या मनात 'सगळ्यांशी प्रेमाने वागावं' एवढंच उरलं, तर तास वाया गेला असं मी समजते.

वाचायला बसण्याआधी पार्श्वभूमी किती सांगावी?

दहा मिनिटं पुरेत. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. पुढच्या काही दशकांत दक्षिणेकडच्या राज्यांनी कृष्णवर्णीयांना वेगळं ठेवणारे कायदे केले, त्यांना 'जिम क्रो' कायदे म्हणतात. शाळा, रेल्वे, दवाखाने, बागा, स्मशानं, सगळीकडे रेघ ओढली गेली. काही न्यायालयांत शपथ घ्यायची बायबलंसुद्धा वेगळी होती. १९५४ मध्ये ब्राऊन खटल्यात शाळांमधला भेद घटनाबाह्य ठरला, १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा आला, १९६५ मध्ये मतदान हक्क कायदा. एवढं फळ्यावर लिहा आणि पहिलं पान उघडा. आधीच तासभर व्याख्यान दिलंत तर मुलं गोष्टीत शिरण्याआधीच 'आता काय शिकायचं' ते ओळखून बसतात.

सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?

मी तीनच सुचवते. यादी लांबवली की कोणी काहीच वाचत नाही.

मिल्ड्रेड टेलर यांची 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' (१९७६). तिला पुढच्या वर्षी बालसाहित्यासाठीचं न्यूबेरी पदक मिळालं. काळ १९३३, जागा मिसिसिपी, सांगणारी नऊ वर्षांची कॅसी लोगन. सातवी-आठवीला उत्तम.

ख्रिस्तोफर पॉल कर्टिस यांची 'द वॉटसन्स गो टू बर्मिंगहॅम, १९६३' (१९९५). मिशिगनमधलं एक हसतंखेळतं कुटुंब गाडीने अलाबामाला निघतं. निम्म्याहून जास्त पुस्तक विनोदी आहे, म्हणून सहावीलाही चालतं. शेवटाबद्दल पुढे लिहिलं आहे.

बेव्हर्ली नायडू यांची 'जर्नी टू जोबर्ग' (१९८५), दक्षिण आफ्रिकेवरची. छोटी आहे, पाचवीपासून वाचता येते.

त्याहून लहान मुलांना कादंबरी नको. रूबी ब्रिजेसची खरी हकिगत सांगा: १४ नोव्हेंबर १९६०, न्यू ऑर्लीन्स, गोऱ्यांच्या शाळेत निघालेली सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी, सोबत संरक्षणाला केंद्र सरकारचे मार्शल. गोऱ्या पालकांनी आपापली मुलं वर्गातून काढून नेली आणि बार्बरा हेन्री नावाच्या शिक्षिकेने वर्षभर तिला एकटीला शिकवलं. रिकाम्या बाकांच्या वर्गात एकटी मुलगी, हे दुसरीच्या मुलालाही लगेच कळतं.

'रोल ऑफ थंडर'मधला कोणता प्रसंग वर्गात घ्यावा?

पाठ्यपुस्तकांचा. दुसरा कुठलाही जमला नाही तरी चालेल, हा चुकवू नका.

कापसाच्या हंगामामुळे कृष्णवर्णीय मुलांची शाळा ऑक्टोबरमध्ये भरते. पहिल्याच दिवशी बाई जाहीर करतात, यंदा प्रत्येकाला पुस्तक मिळणार. कॅसीचा धाकटा भाऊ लिटल मॅन सहा वर्षांचा, कमालीचा टापटीप. त्याच्या हातात मळकं, फाटकं पुस्तक येतं. तो अदबीने दुसरं मागतो, मिळत नाही. मग तो आतलं पान उघडतो आणि एकदम पुस्तक जमिनीवर आपटून त्याच्यावर पाय आपटायला लागतो. त्याला छडी बसते.

त्याने आत काय पाहिलं? मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला शाळाखात्याचा एक तक्ता चिकटवलेला असतो. पुस्तक कोणत्या तारखेला दिलं, त्याची अवस्था कशी, घेणाऱ्याचा वंश कोणता. वरून खाली ओळी वाचत गेलं की अवस्था नव्यापासून घसरत जाते आणि वंशाच्या रकान्यात मात्र 'गोरा', 'गोरा', 'गोरा'. अवस्था 'अतिशय खराब' झाली की त्या ओळीत पहिल्यांदा कृष्णवर्णीयांसाठीचा हिणवणारा शब्द येतो.

इथे थांबा. काही समजावून सांगू नका. फळ्यावर तोच तक्ता काढा, तीन रकाने, आणि मुलांना एकेक ओळ भरायला बोलवा. तक्ता पुरा होईपर्यंत वर्ग आपोआप शांत होतो. मग एकच प्रश्न विचारा: हा तक्ता छापला कोणी? रकाना आधी छापला गेला, पुस्तक नंतर वाटलं गेलं. कुठल्या तरी कचेरीत एका कारकुनाने रेघा आखल्या, छापखान्याने हजारो प्रती काढल्या, आणि कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. त्या कारकुनाला कदाचित कोणाचा रागही नसेल. मुलांना हा मुद्दा मोठ्या माणसांपेक्षा लवकर कळतो असा माझा अनुभव आहे.

यानंतरचा छोटा भागही वाचा. कॅसीची आई त्याच शाळेत शिक्षिका आहे. ती आपल्या वर्गातल्या पुस्तकांत त्या तक्त्यावर कोरा कागद डकवते. तिची सहकारी म्हणते, पोरांना जगाची रीत कळायलाच हवी. दोघीही कृष्णवर्णीय, दोघीही शिक्षिका. या दोघींत कोण बरोबर, यावर वर्गात मतदान घेऊ नका. घेतलंत तर सगळे हात आईच्या बाजूने वर होतील आणि दुसरीच्या भीतीबद्दल कोणीच बोलणार नाही.

त्याच कादंबरीतली बस खरी होती का? की लेखिकेने रंगवून सांगितलं?

लोगन भावंडं चिखलातून चालत शाळेत जातात आणि गोऱ्या मुलांची बस मुद्दाम त्यांच्या अंगावर चिखल उडवत जाते. मग भावंडं मधल्या सुट्टीत रस्त्यात चर खणतात, पावसाने तो भरतो आणि संध्याकाळी बस त्यात रुतते. वर्गात इथे हमखास टाळ्या पडतात. पडू द्या. पण त्याच रात्री गोऱ्या माणसांच्या गाड्यांचे दिवे अंगणात येतात आणि मुलांना वाटतं, आपल्यालाच न्यायला आले. तेही पान त्याच तासाला वाचा.

पात्रं कल्पित आहेत, बस नाही. दक्षिण कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन परगण्यात गोऱ्या मुलांसाठी सुमारे ३० बस होत्या, कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. १९४७ मध्ये तिथल्या पालकांनी आधी फक्त एक बस मागितली. ती नाकारली गेली. १९४९-५० या वर्षी परगणा एका गोऱ्या मुलावर १७९ डॉलर खर्च करत होता, कृष्णवर्णीय मुलावर ४३. बसची मागणी पुढे समान शाळांची मागणी झाली आणि शेवटी थेट भेदाविरुद्धचा दावा. 'ब्रिग्ज विरुद्ध इलियट' नावाचा हा खटला १९५४ च्या ब्राऊन निकालात एकत्र केलेल्या पाच खटल्यांपैकी एक. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते हॅरी ब्रिग्ज पेट्रोल पंपावर काम करत. त्यांची नोकरी गेली, पत्नी एलायझा यांचीही गेली. पुढाकार घेणारे पाद्री जोसेफ डिलेन यांचं घर जाळलं गेलं.

आता कादंबरीकडे परत या. कॅसीच्या आईचीही नोकरी जाते. वाट्याने जमीन कसणारी शेजारची कुटुंबं वॉलेस या गोऱ्या कुटुंबाच्या दुकानावर बहिष्कार घालू बघतात, तेव्हा त्यांची उधारीच बंद पाडली जाते. आपल्याकडच्या मुलांना सावकाराचं खातं म्हणजे काय ते निदान ऐकून माहीत असतं. हातात बंदूक न घेता माणसाला गप्प कसं बसवतात, हे त्या उधारीच्या वहीवरून समजावता येतं. लोगन कुटुंबाला थोडं तरी ताठ उभं राहता येतं, कारण त्यांच्याकडे स्वतःची ४०० एकर जमीन आहे. तिचा कर आणि हप्ते भरायला बाप लुईझियानात रेल्वेवर राबतो. जमीन हा या कादंबरीचा कणा आहे, आणि बहुतेक शिक्षक तो भाग कंटाळवाणा म्हणून गाळतात.

आजी कॅसीला माफी मागायला लावते, तेव्हा मुलं आजीवरच चिडतात. काय सांगावं?

बाजारात एक दुकानदार या मुलांना मध्येच सोडून गोऱ्या गिऱ्हाइकांना माल देत राहतो. कॅसी बोलते, तर तिला हाकललं जातं. बाहेर फुटपाथवर तिचा एका गोऱ्या मुलीला धक्का लागतो. त्या मुलीचा बाप धावून येतो, आणि कॅसीची स्वतःची आजी तिला सगळ्यांदेखत माफी मागायला लावते. कॅसीच्या मते तो तिच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस.

मुलांचा राग रास्त आहे, तो लगेच विझवू नका. मग त्यांना विचारा, त्या क्षणी आजीच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल. आठवीच्या मुलांना इथे एमेट टिलबद्दल सांगता येतं. १९५५ च्या ऑगस्टमध्ये शिकागोहून मिसिसिपीला नातेवाइकांकडे आलेला चौदा वर्षांचा मुलगा. दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगळीक केल्याचा आरोप ठेवून त्याला रात्री घरातून उचललं आणि मारून टाकलं. सगळे गोरे पुरुष असलेल्या ज्युरीने आरोपींना सोडून दिलं; पुढे त्यांनी एका मासिकाला मुलाखत देऊन गुन्हा कबूल केला. कादंबरीतला बाजार त्याआधी वीसेक वर्षांचा आहे, पण आजीची भीती कशाची होती ते यावरून कळतं. याहून जास्त तपशील देऊ नका, छायाचित्रं तर अजिबात दाखवू नका.

हिंसा येते तिथे काय करावं? पानं गाळावीत का?

गाळू नका, पण मुलांना एकटं वाचायलाही देऊ नका.

'वॉटसन्स' हे यासाठी चांगलं उदाहरण आहे. पहिल्या भागात थोरला भाऊ बायरन गाडीच्या गोठलेल्या आरशाचं चुंबन घ्यायला जातो आणि ओठ तिथेच चिकटतात. मुलं पोट धरून हसतात. मग कुटुंब बर्मिंगहॅमला पोहोचतं आणि रविवारी चर्चमध्ये स्फोट होतो. ही घटना खरी आहे. १५ सप्टेंबर १९६३ रोजी सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या: ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन, तिघी चौदा वर्षांच्या, आणि अकरा वर्षांची डेनिस मॅकनेअर. ही नावं वर्गात मोठ्याने घ्या. 'चार मुली' एवढंच म्हणून पुढे जाऊ नका.

लेखकाने स्फोटानंतरचं दृश्य धूसर ठेवलं आहे. आपला दहा वर्षांचा निवेदक केनी जे बघतो ते त्याला धड कळत नाही, आणि घरी परतल्यावर तो दिवसेंदिवस सोफ्याच्या मागे लपून बसतो. रक्ताच्या वर्णनापेक्षा ते सोफ्याचं प्रकरण जास्त बोलतं, म्हणून वेळ तिथे द्या. ज्या मुलाच्या घरात नुकता मृत्यू झाला असेल त्याच्या पालकांशी आधी बोलून घ्या, हे सांगायला नकोच.

मोठ्या मुलांना एवढं आणखी सांगा: या स्फोटातल्या पहिल्या आरोपीला शिक्षा झाली १९७७ मध्ये, दुसऱ्याला २००१ मध्ये, तिसऱ्याला २००२ मध्ये. वजाबाकी त्यांनाच करू द्या.

पुस्तकात कृष्णवर्णीयांसाठी शिवी येते. मोठ्याने वाचताना ती उच्चारावी का?

नाही. 'इथे एक शिवी आहे' असं म्हणून पुढे जा. ती का उच्चारत नाही ते एकदा सांगा, रोज नको. मराठीतही माणसाच्या जन्मावरून दिलेल्या शिव्या आहेत आणि त्या आपण वर्गात उच्चारत नाही, हे मुलांना ठाऊक असतं.

याच तासाला रंगाचा विषय निघतोच. एखाद्या सावळ्या मुलाला वर्गात काय हाक मारतात, 'गोरी, सडपातळ वधू पाहिजे' हे कुठे छापून येतं, हे मुलंच काढतात. त्याला वाट द्या, पण गोऱ्या रंगाचं आपल्याकडचं वेड आणि अमेरिकेतली वर्णभेदाची व्यवस्था एकाच मापाची आहेत असं होऊ देऊ नका. क्रीमची जाहिरात अपमानकारक असते. ती कोणाचा मताधिकार काढून घेत नाही.

रोझा पार्क्स यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तीच घेतली तर?

घ्या, पण मुलांना माहीत असलेली गोष्ट बहुधा अर्धवट असते. शिवणकाम करणाऱ्या एक दमलेल्या बाई बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठल्या नाहीत आणि देश बदलला, असं ते कथानक. १ डिसेंबर १९५५ ला त्या उठल्या नाहीत हे खरं. पण तोवर त्या मॉंटगोमेरीतल्या नागरी हक्क संघटनेच्या शाखेत अनेक वर्षं सचिवपद सांभाळत होत्या आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर शाळेत कार्यकर्त्यांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. दमले होते ते सोसून सोसून, असं त्यांनी स्वतःच नंतर लिहिलं आहे.

त्यांच्या नऊ महिने आधी, २ मार्चला, पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्विनने त्याच शहरात जागा सोडायला नकार दिला होता. तिलाही अटक झाली. पुढाऱ्यांनी तिला चळवळीचा चेहरा केलं नाही, पण ज्या खटल्याने शेवटी बसमधला भेद संपवला त्यात साक्ष देणाऱ्यांत ती होती. शाळकरी मुलं हे ऐकून कान टवकारतात. आणि पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर बसवर बहिष्कार घाला असं सांगणारी हजारो पत्रकं काढली, ती सकाळी शहरभर वाटली गेली. बहिष्कार ३८१ दिवस चालला. इतके दिवस हजारो माणसं कामावर कशी गेली असतील? चालत, एकमेकांच्या गाड्यांतून, टॅक्सीतून. त्यासाठी वेळापत्रकं करणारे, पेट्रोलचे पैसे गोळा करणारे लोक होते. आपल्याकडे गणपतीच्या मंडळाची वर्गणी गोळा करायला गेलेली मुलं हे काम किती किचकट असतं ते चटकन ओळखतात.

खरं किती आणि कल्पित किती, हे मुलांना कसं कळणार?

वहीच्या पानाचे दोन भाग करा. एकीकडे 'घडलेलं', दुसरीकडे 'रचलेलं'. वाचताना मुलं नोंदी करतात, शंका असली की रेघेवर लिहितात. रेघेवरच्या नोंदी सगळ्यात उपयोगी. पुढच्या तासाचं काम त्यातून निघतं.

'वॉटसन्स'मध्ये आई प्रवासाची वही करते: कुठे थांबायचं, कुठे जेवायचं, कुठे मुक्काम. मुलं ती 'रचलेलं'मध्ये टाकतात. मग त्यांना व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कच्या पोस्टमनबद्दल सांगा. १९३६ पासून ते 'ग्रीन बुक' नावाचं मार्गदर्शक काढत. कृष्णवर्णीय प्रवाशाला कोणतं हॉटेल खोली देईल, कोणता पंप पेट्रोल देईल, याच्या याद्या. वॉटसन कुटुंब कल्पित, पण त्या वहीची गरज खरी. नकाशावर वॉटसन कुटुंबाच्या फ्लिंट शहरापासून बर्मिंगहॅमपर्यंत रेघ ओढून 'इथे शौचालय मिळेल का' असं विचारत पुढे सरका. आपल्याकडे एसटीने प्रवास केलेल्या मुलींना हा प्रश्न वेगळा समजवावा लागत नाही.

वर्गातल्या मुलांना दोन गटांत बसवून भेदभावाचा अनुभव द्यावा का?

देऊ नये. अमेरिकेत जेन एलियट या शिक्षिकेने १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, तिसरीच्या वर्गात डोळ्यांच्या रंगावरून असा प्रयोग केला होता. तो गाजला, आणि त्यावर टीकाही तितकीच झाली. आपल्या वर्गात काही मुलांना हा अनुभव घरबसल्या मिळालेला असतो. त्यांना तो पुन्हा द्यायचा आणि बाकीच्यांना दोन तास नाटक करायला लावायचं, हे मला पटत नाही. त्यापेक्षा पुस्तकच पुन्हा वाचा.

गोरा नायक असलेल्या प्रसिद्ध कादंबऱ्या चालतील का?

चालतील, पण पहिल्या म्हणून नकोत. भला गोरा वकील किंवा शिक्षक येऊन बिचाऱ्यांना वाचवतो, असं एकच कथानक मुलांनी वाचलं तर कृष्णवर्णीय माणसं स्वतः काय करत होती ते दिसतच नाही. आधी कॅसी वाचा. मग बाकीचे.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट वेगळी घ्यावी की अमेरिकेबरोबरच?

वेगळी घ्या. तिथला वर्णभेद १९४८ नंतर सरकारचं अधिकृत धोरण झाला. १९५० च्या कायद्यांनी प्रत्येक माणसाच्या वंशाची नोंद ठेवली आणि कोणी कुठे राहायचं ते ठरवलं; १९५३ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांचं शिक्षण मुद्दाम हलकं केलं. शहरात फिरायला पास लागे. १६ जून १९७६ ला सोवेटोतली शाळकरी मुलं आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या.

'जर्नी टू जोबर्ग'मध्ये नालेदी आणि तिचा धाकटा भाऊ टिरो आजारी बाळासाठी आईला आणायला शेकडो किलोमीटरवर जोहान्सबर्गला निघतात. आई तिथे एका गोऱ्या घरी कामाला आहे. मुलं पोहोचतात, बाळ मरणाच्या दारात आहे असं सांगतात, आणि मॅडम म्हणतात, आज रात्री आम्हाला मेजवानीला जायचं आहे, तू आमच्या मुलीजवळ थांब, उद्या जा. पुस्तक दक्षिण आफ्रिकेत १९९१ पर्यंत बंदीत होतं. पुण्या-मुंबईच्या वर्गात हे पान वाचताना जरा दबकून बसावं लागतं, कारण घरकामाच्या मावशींनी सुट्टी मागितल्यावर आपल्या घरात काय बोललं जातं ते मुलांना चांगलंच माहीत असतं. कोणाच्या घराचं नाव निघू देऊ नका. पण विषय दाबूही नका.

एक जोड घरातच सापडू शकते. भारताने १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता, आणि जुन्या भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका वगळून इतर देशांसाठी वैध, अशी नोंद असे. आजी-आजोबांचा जुना पासपोर्ट असेल तर मुलांना शोधायला सांगा.

जातीशी तुलना करावी का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजावरून कळतं की त्याला 'नाही' ऐकायचं आहे. माझं उत्तर 'हो' आहे. ही तुलना आपण आज ओढूनताणून आणलेली नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीत साम्य असल्याचं कळवलं; ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन.

फरकही सांगा. अमेरिकेत कातडीचा रंग बघून रेघ ओढली जात होती. इथे आडनाव, गाव, वस्ती विचारून. तिथे समुद्रापार आणून विकलेल्या माणसांचे वंशज होते. इथे त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं. तिथला भेद कायद्याच्या पुस्तकात लिहिला होता, इथे रूढीने आणि धर्माच्या नावाने चालत होता.

वर्गात हे कसं करायचं? लिटल मॅनच्या पुस्तकाशेजारी साताऱ्याच्या शाळेतलं गोणपाट ठेवा. लहानग्या भीमरावांना वर्गात बसायला स्वतःचं गोणपाट घरून आणावं लागे आणि परत न्यावं लागे, कारण शाळेची साफसफाई करणारा गडी त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसेल तर पाणी नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. एका बाजूला तक्ता, दुसऱ्या बाजूला गोणपाट. दोन्हीकडे वस्तू, दोन्हीकडे शाळा, दोन्हीकडे सहा-आठ वर्षांचं मूल. नळाचं पान वाचून झालं की १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाकडे जाता येतं.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा: वर्गातल्या कोणत्याही मुलाकडे वळून 'तुझ्या घरी काय सांगतात' असं विचारणं. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल. आणि 'हे सगळं पूर्वी होतं' असं म्हणून तास संपवू नका. एखादं मूल वर्तमानपत्र घेऊन येईल.

आम्ही अमेरिकेत राहतो. मुलगी शाळेत हे वाचते आणि विचारते, 'आपण कोणत्या बाजूला असतो?'

तिला खरं सांगा. तेव्हा तिथे भारतीय फार थोडे होते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस 'गोरा' नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं. १९४१ मध्ये लुईझियानात कमलादेवी चट्टोपाध्याय यांना रेल्वेच्या गोऱ्यांच्या डब्यातून उठायला सांगितलं. त्या उठल्या नाहीत. भारतीय पाहुण्या म्हणून कदाचित सवलत मिळाली असती, पण आपला रंग काळाच आहे असं त्यांनी तिकीट तपासनिसाला सुनावलं. १९६४ च्या मे महिन्यात मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये राममनोहर लोहिया फक्त गोऱ्यांसाठीच्या उपाहारगृहात शिरले आणि त्यांना अटक झाली. तर कोणी सवलत घेतली, कोणी नाकारली.

आणि तुमचं कुटुंब तिथे पोहोचलं ते बहुधा १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर. जुनी वंशाधारित कोटापद्धत मोडणारा तो कायदा नागरी हक्क चळवळीच्या त्याच लाटेत मंजूर झाला. जेवणाच्या टेबलावर हे एकदा बोललं जायला हरकत नाही, विशेषतः घरात कोणी 'त्या वस्तीत जाऊ नकोस' म्हणत असेल तर.

मुलांचं इंग्रजी कच्चं आहे. मग?

पूर्ण पुस्तकाचा हट्ट सोडा. दोन-तीन प्रसंग निवडा आणि मराठीत सांगा, जसं आजी सांगते तसं, मधले संवाद पुस्तक बघून. नावं मात्र तीच ठेवा. कॅसीची काशी करू नका.

किती तासिका लागतात, आणि गुण कसे द्यायचे?

'रोल ऑफ थंडर'चे चारच प्रसंग घेतले (पुस्तकं, बस, बाजार, उधारी) तर सहा तासिका धरा; त्यातली एक मोकळी ठेवा, कारण बाजाराचा तास नेहमी लांबतो. 'कॅसीला पत्र लिहा' हा प्रकल्प देऊ नका. सगळी पत्रं सारखीच येतात, 'तू खूप शूर आहेस' म्हणणारी. त्याऐवजी प्रत्येकाला एक वस्तू निवडायला सांगा: तक्ता, बस, उधारीची वही, पास, गोणपाट. ती कोणी बनवली, पैसे कोणी दिले, नियम कोणी लिहिला, आणि ती नाकारली तर काय झालं असतं, यावर एक पान. गुण द्यायचेच असतील तर चौथ्या प्रश्नाला जास्त ठेवा.